एबीएसचा दिवा फक्त उजव्या वळणावर लागतो: सेन्सर, मॉड्यूल की वायर?

घाटवाट | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. दोन महिने डोक्याला लागून राहिलेला प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, ६८,००० किमी झालेली. मी साताऱ्याहून आठवड्यातून पाच दिवस पाचगणीला नोकरीला जातो, म्हणजे पसरणीचा घाट रोज दोनदा. गणपतीच्या आसपास एका सकाळी घाटात एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला, पाठोपाठ घसरत्या गाडीचं चित्र असलेला दिवाही लागला. चढावर गाडी धरून ठेवणारी सोय बंद पडली. पाचगणीला गाडी बंद केली, संध्याकाळी चालू केली तर दोन्ही दिवे गायब. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सर्व्हिसला नेली. स्कॅनरवर 'सी००३५, डावं पुढचं चाक, स्पीड सेन्सर सर्किट' असं आलं. सेन्सर बदलला, ४,२०० रुपये. तीन दिवस दिवा लागला नाही, चौथ्या दिवशी लागला. परत नेली तर म्हणाले, सेन्सर नवा आहे म्हणजे आता एबीएस मॉड्यूलच, म्हणजे त्या यंत्रणेचा कंप्युटरच, गेलं असणार. खर्च ५२,००० रुपये. मी गाडी घेऊन घरी आलो.

तेव्हापासून मी वहीत नोंद ठेवतोय: दिवा कधी लागला, कुठे, वेग किती, पाऊस होता का. आतापर्यंत २३ वेळा. पावसाशी संबंध दिसत नाही, वेगाशीही नाही. पण २३ पैकी २१ वेळा दिवा लागला तो उजवीकडच्या मोठ्या वळणानंतर लगेच. त्यातल्या चार नोंदी तर आमच्या सोसायटीच्या उतारावरच्या आहेत, तिथे स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवावं लागतं. एकदा लागला की गाडी बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत जात नाही.

मॉड्यूलला वळण कसं कळेल? इथे कुणी जाणकार असेल तर मार्ग दाखवा.

सोनचाफा | सोमवार, रात्री ९:३२

माझ्याही गाडीत हाच दिवा अधूनमधून लागतो. त्या अवस्थेत गाडी चालवणं सुरक्षित आहे का? मी रोज मुलांना शाळेत सोडते, त्यामुळे काळजी वाटते.

जुनी_गिअरपेटी | सोमवार, रात्री ९:५१

सोनचाफा, फक्त पिवळा एबीएसचा दिवा असेल तर नेहमीचे ब्रेक चालू असतात. जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देण्याचं काम मात्र होणार नाही. म्हणून ओल्या रस्त्यावर अंतर जास्त ठेवा आणि ब्रेकवर एकदम उभं राहू नका.

पण त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी बाजूला घ्या. ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. तशी गाडी चालवू नका, टो करून न्या.

किलोओहम | सोमवार, रात्री १०:४०

घाटवाट, तुम्ही वही ठेवलीत हे फार मोठं काम केलंत. कोल्हापूरला उद्यमनगरात ३० वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. 'कधी कधी लागतो' यापलीकडे सांगणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. मॉड्यूल बॉनेटखाली बोल्टने घट्ट बसवलेलं असतं, त्याला वळण कळत नाही. स्टीअरिंग फिरवल्यावर हलतं काय? चाक, नकल (ज्यावर चाक बसतं तो स्टीअरिंगबरोबर वळणारा लोखंडी भाग) आणि चाकापासून बॉडीपर्यंत येणारी वायर.

आता तो कोड नीट वाचा. त्यात 'सर्किट' शब्द आहे. मॉड्यूल एवढंच सांगतंय की डाव्या पुढच्या चाकाकडून येणारा सिग्नल मला पटत नाही. त्या वाटेवर सेन्सर आहे, सेन्सरचा कपलर (वायर जोडायचा प्लग) आहे, दोन तारांची वायर आहे, बॉडीवरचा कपलर आहे, पुढचं हार्नेस (एकत्र बांधलेल्या वायरींचा जुडगा) आहे आणि शेवटी मॉड्यूलची पिन आहे. यातलं काय बिघडलं हे कोड सांगत नाही, ते शोधायचं काम माणसाचं. स्कॅनरवर सेन्सर लिहून आलं म्हणून सेन्सर बदलायचा, हे मला आजवर कधी पटलेलं नाही.

सेन्सर बदलल्यावर तीन दिवस दिवा लागला नाही, यावरूनही फसायला होतं. सेन्सर काढता-घालताना वायर हलते, आत तुटलेल्या तारेची टोकं पुन्हा टेकतात आणि चार दिवस सगळं बरं चालतं.

एक गोष्ट बघून सांगा. तुमच्या गाडीत सेन्सरला स्वतःची लांब वायर आहे, की सेन्सर नकलवर बसतो आणि त्याला वेगळी जोडवायर लागते? लांब वायर असेल तर सेन्सरबरोबर तीही बदलली गेली. जोडवायर वेगळी असेल तर जुनीच वायर अजून तिथे आहे.

घाटवाट | मंगळवार, सकाळी ७:१५

काका, आत्ता टॉर्च लावून बघितलं. सेन्सर नकलवर बसतो आणि त्याला वेगळा कपलर आहे. तिथून वायर शॉक अब्सॉर्बरच्या कडेने वर जाते आणि चाकाच्या वरच्या प्लास्टिकमागे शिरते. म्हणजे जुनीच वायर आहे.

आणखी एक दिसलं. उजव्या बाजूला वायर रबरी पकडीत बसून शॉकच्या पट्टीला अडकवलेली आहे. डाव्या बाजूला ती पकड नाहीच, वायर साध्या केबल टायने घट्ट आवळलेली आहे. गेल्या पावसाळ्याआधी डावा शॉक बदलला होता, तेव्हाच झालं असणार.

किलोओहम | मंगळवार, सकाळी ८:०५

तिथेच शोधा. पण कापाकापी करण्याआधी खात्री करून घ्या. फोनला जोडायचं ब्लूटूथ अडॅप्टर असेल आणि त्याचं ॲप तुमच्या गाडीचं एबीएस वाचत असेल, तर चारही चाकांचे वेग एकाच पडद्यावर लावा. मोकळ्या मैदानात सावकाश गोल फिरवा. चालवताना आकडे तुम्ही बघू नका, शेजारी कुणाला तरी बसवा.

उजवीकडे वळताना डावं चाक बाहेरच्या बाजूला असतं. त्याला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून त्याचा आकडा उजव्यापेक्षा जास्त दिसायला हवा.

नवा_चालक | मंगळवार, सकाळी ११:२०

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. माझ्याकडे २०११ ची गाडी आहे. असं अडॅप्टर माझ्या गाडीला चालेल का? आणि त्यात एबीएस दिसेल का?

जुनी_गिअरपेटी | मंगळवार, दुपारी १:०५

स्टीअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट आहे का ते आधी बघा. आपल्याकडे ओबीडी-२ चा, म्हणजे गाडीचे बिघाड सॉकेटमधून वाचता येण्याचा, नियम २०१३ च्या एप्रिलपासून आला. त्याआधीच्या काही गाड्यांत सॉकेट असतं पण माहिती त्रोटक मिळते. साधी ॲप्स इंजिनाचे 'पी' कोड वाचतात, चाकांचे 'सी' कोड वाचायला त्या गाडीसाठी बनवलेलं ॲप किंवा मोठा स्कॅनर लागतो. तुमच्या गाडीत मुळात एबीएस आहे का तेही तपासा. सगळ्या नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं २०१९ च्या एप्रिलपासून, त्याआधी बऱ्याच स्वस्त मॉडेलांत नसायचं.

मिशिगनची_थंडी | मंगळवार, रात्री ८:४५

इकडे अमेरिकेत हा दिवा वेगळ्याच कारणाने लागतो. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. नकलवर सेन्सर जिथे बसतो तिथल्या लोखंडावर गंज फुगतो आणि सेन्सरला हळूहळू वर उचलतो. सेन्सर आणि चाकाबरोबर फिरणारी चकती यांच्यातलं अंतर वाढलं की कमी वेगात सिग्नल सुटायला लागतो. माझ्या गाडीत ब्रेक न मारताही थांबता थांबता पेडल थरथरायचं, कारण मॉड्यूलला वाटायचं की ते चाक लॉक झालंय. सेन्सर काढला, खालची जागा घासून स्वच्छ केली, तोच सेन्सर परत बसवला. आजतागायत ठीक आहे.

रत्नागिरी, अलिबागकडच्या खाऱ्या हवेतल्या लोकांनी ही जागा एकदा बघून ठेवावी.

घाटवाट | बुधवार, रात्री ९:३०

आज संध्याकाळी मैदानात जाऊन आलो. बायको शेजारी बसून व्हिडिओ घेत होती.

सरळ जाताना चारही आकडे सारखे, १५ च्या आसपास. डावीकडे गोल फिरलो, तेव्हा उजवं चाक जास्त आणि डावं कमी, जसं हवं तसंच. मग उजवीकडे पूर्ण स्टीअरिंग फिरवलं. पुढचं उजवं ९ दाखवतंय, डावं १२. अर्धा फेरा झाला आणि डावं १२ वरून थेट ०. पुन्हा १२, पुन्हा ०, आणि दिवा लागला. बाकी तिन्ही आकडे जागचे हलले नाहीत.

दोन महिन्यांत पहिल्यांदा बिघाड डोळ्यांनी दिसला. फार बरं वाटलं.

सह्याद्रीवारी | बुधवार, रात्री १०:०२

भारीच! आता मल्टिमीटर लावून वायरची कंटिन्युटी (तार सलग आहे का ते) बघा. बीप वाजला नाही तर वायर तुटलेली.

किलोओहम | बुधवार, रात्री १०:५०

सह्याद्रीवारी, बीप वाजला नाही तर तुटलेली हे बरोबर. पण बीप वाजला म्हणजे वायर चांगली, असं मात्र नाही. नवशिकी पोरं नेमकी इथेच अडकतात, म्हणून जरा लांबण लावतो.

वायरच्या आत केसासारख्या बारीक तारांचा जुडगा असतो. त्यातल्या बहुतेक तुटल्या आणि एखाददुसरी टेकून राहिली तरी मीटर बीप वाजवतं, कारण मीटर तिच्यातून नावापुरता करंट सोडतं. व्होल्टेज मोजलं तरी तेच. काहीच भार नसेल तर एका केसातूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात.

या नव्या प्रकारच्या सेन्सरचं काम करंटवर चालतं. मॉड्यूल त्याला व्होल्टेज पुरवतं आणि सेन्सर त्याच दोन तारांतून कधी ७ तर कधी १४ मिलिअँपिअर घेतो. ते वरखाली होणं म्हणजेच सिग्नल. बऱ्याच गाड्यांत चाकाच्या एका फेऱ्यात असे ४८ ठोके पडतात. टायरचा घेर १.९ मीटर धरला तर ताशी ४० किमीला सेकंदाला साधारण २८० ठोके होतात. त्यातले काही गळले की मॉड्यूल कोड टाकणारच.

म्हणून माझी पद्धत अशी. बॅटरीची निगेटिव्ह काढायची. वायरची दोन्ही टोकं सोडवायची, सेन्सरकडचं आणि बॉडीकडचंही. मॉड्यूल जोडलेलं ठेवून त्या तारांवर बल्ब कधीही लावायचा नाही, ते मॉड्यूल जाळायचं काम आहे. सुटी झालेली वायर जागेवरच ठेवून तिच्या एकेका तारेतून वेगळ्या बॅटरीवर १२ व्होल्टचा ५ वॉटचा छोटा बल्ब पेटवायचा. मग एकाने स्टीअरिंग सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने बल्बकडे बघायचं. बल्ब मंद झाला किंवा लुकलुकला की तार सापडली. त्यानंतर बोटांनी वायर इंचाइंचाने वाकवत जायचं म्हणजे जागाही सापडते.

सेन्सरवर ओहम मोजत बसू नका. जुन्या, नुसत्या कॉइलच्या सेन्सरला ते चालायचं, १ ते २ किलोओहम मिळाले की सेन्सर ठीक म्हणायचो. नव्या सेन्सरच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, तिथे त्या आकड्याला अर्थ नाही.

सोनचाफा | गुरुवार, दुपारी १२:१५

काका, हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. वाखु (वाचनखूण) साठवली आहे. माझी गाडी शनिवारी दाखवते, 'आधी वायर बघा' असं सांगूनच.

वाशिष्ठीकाठ | गुरुवार, सायंकाळी ६:२०

धागा एबीएसचा आहे, तरी थोडं वेगळं विचारतो. मी चिपळूणचा. २०२१ च्या जुलैच्या पुरात माझी गाडी सीटच्या खालपर्यंत पाण्यात होती. इंजिनात पाणी गेलं नव्हतं. सगळं धुवून-वाळवून घेतलं आणि दोन वर्षं काही तक्रार नव्हती. नंतर एअरबॅगचा दिवा लागायला लागला. सीट पुढेमागे केली की कधी जातो, कधी येतो. सीटखालचा पिवळा कपलर उघडून मीटर लावू का?

किलोओहम | गुरुवार, सायंकाळी ६:४१

नको. मीटर अजिबात लावू नका. पिवळा कपलर, पिवळी स्लीव्ह म्हणजे एअरबॅगचं वायरिंग. मीटर ओहम मोजताना तारेतून करंट सोडतं, आणि त्या तारेच्या टोकाला पेटणारी पुडी आहे. कपलर चालू गाडीत उघडायचाही नाही. बॅटरी काढून कंपनीच्या पुस्तकात दिलेली काही मिनिटं थांबावं लागतं, कारण मॉड्यूलमध्ये चार्ज साठलेला असतो. हे काम एअरबॅगचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

तुमचा अंदाज मात्र बरोबर दिशेने आहे. एअरबॅगच्या पुडीचा रेझिस्टन्स साधारण २ ओहम असतो. कपलरच्या पिनेवर हिरवट गंज चढून त्यात आणखी दोन-तीन ओहमची भर पडली तरी मॉड्यूलला ते लगेच कळतं. सीट हलवली की पिन हलते, म्हणून दिवा येतो-जातो.

पुराच्या गाड्यांचं वायरिंग २०१९ ला आमच्याकडे आणि सांगलीकडे भरपूर बघितलं. पाणी कपलरमध्ये नुसतं साचत नाही, वायरच्या आवरणाच्या आत, तारांच्या जुडग्यातून वर चढत जातं. बाहेरून वायर नवी दिसते, सोलली की आत काळी-हिरवी. म्हणून दोन-दोन वर्षांनी दिवे लागतात. कार्पेट उचलून खालचं अस्तर हाताने दाबून बघायला सांगा.

ओलीमाती | गुरुवार, रात्री ९:०५

आमच्याकडे देवरुखला गाडी आठवडाभर उभी राहिली आणि चालू करताच एकदम चार दिवे. पाच-सहा कोड, वेगवेगळ्या सेन्सरचे. मेकॅनिक म्हणाला, एवढे सेन्सर एकदम जात नसतात, आणि त्याने यादीतलं काहीही बदललं नाही. आधी बॅटरी आणि अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) तपासले, ते ठीक निघाले. मग सेन्सरना जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा मोजला तर जेमतेम १ व्होल्ट. एकेक सेन्सरचा कपलर काढत गेला. तिसरा काढूनही तेच, चौथा काढला आणि ५ व्होल्ट परत आले. त्या चौथ्याची वायर उंदराने सोलली होती आणि ती इंजिनाच्या ब्लॉकला टेकत होती. एकाच वायरने बाकीच्यांचा पुरवठा खाली ओढला होता.

त्या माणसाने अर्ध्या दिवसाची मजुरी घेतली आणि दीड फूट वायर वापरली. त्याच्या हुशारीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

घाटवाट | रविवार, दुपारी ४:००

सापडलं!

काकांनी सांगितलं तसंच केलं. आधी मुद्दाम बीप लावून बघितला, दोन्ही तारांवर वाजला. मग बल्ब. पहिल्या तारेवर बल्ब स्थिर. दुसऱ्या तारेवर, स्टीअरिंग सरळ असताना थोडा पिवळट; बायकोने स्टीअरिंग उजवीकडे फिरवायला घेतलं तसा लाल झाला आणि विझला. सरळ केल्यावर परत पेटला. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच.

वायर काढून बोटांनी चाचपली. केबल टायच्या वर साधारण दोन सेंटिमीटरवर ती मऊ लागत होती, बाकी कुठेच नाही. आवरण अखंड होतं. ब्लेडने सोललं तर एका तारेचा जुडगा जवळपास पूर्ण तुटलेला, दोन-तीन केस शिल्लक. पकड नसल्यामुळे वायरला सैलपणा राहिला नव्हता. स्टीअरिंग उजवीकडे फिरलं की सगळा ताण टायच्या त्याच कडेवर येत होता, आणि घाटात रोज तेच होत होतं.

५२,००० चं मॉड्यूल घेऊनही हा दिवा लागतच राहिला असता, हे आठवलं की अस्वस्थ होतं.

आता प्रश्न असा: तात्पुरतं सोल्डर करून, टेप गुंडाळून चालवू का? जोडवायर मागवली आहे, चार दिवस लागतील.

सह्याद्रीवारी | रविवार, दुपारी ४:३५

मनापासून अभिनंदन! बीपबद्दल मी अर्धवटच सांगितलं होतं, तुमच्या बल्बने ते दाखवून दिलं. सोल्डर करून वर हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) घातली तर कायमचंही टिकेल असं मला वाटतं.

किलोओहम | रविवार, सायंकाळी ५:१०

डॅशबोर्डच्या आतल्या, न हलणाऱ्या वायरला सोल्डर उत्तम. चाकाजवळच्या वायरला नको. सोल्डर वितळून जुडग्यात आत शिरतं आणि तेवढा तुकडा काडीसारखा ताठ होतो. मग वायर त्या ताठ भागाच्या कडेला वाकायला लागते आणि तिथेच पुन्हा तुटते. ब्रेकच्या कामात हा धोका घेऊ नये. चार दिवस एबीएसशिवाय सांभाळून चालवा, शक्य असेल तर घाटात एसटीने जा.

वायर बसवताना तीन गोष्टी. पकड नवी घ्या, केबल टाय परत लावू नका. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून वायर कुठे ताणत नाही ना आणि टायरला घासत नाही ना हे बघा. आणि दोन तारांना मूळचा जो पीळ आहे तो तसाच राहू द्या, आजूबाजूच्या वायरिंगचा त्रास सिग्नलला होऊ नये म्हणून तो दिलेला असतो.

सोनचाफा | सोमवार, सकाळी १०:२५

शनिवारी गाडी दाखवून आणली. 'आधी वायर बघा' म्हटल्यावर त्यांनी माझ्यासमोर गाडी वर घेतली. माझ्या गाडीत वायर ठीक होती. मागच्या उजव्या सेन्सरच्या कपलरचं लॉक तुटलं होतं, म्हणून तो अर्धवट बसला होता आणि आत माती गेली होती. पिना साफ केल्या, कपलरचं कवच बदललं. ६५० रुपये झाले. तेव्हापासून दिवा नाही.

घाटवाट | पुढचा रविवार, रात्री ८:१५

जोडवायर १,८५० रुपयांना मिळाली, रबरी पकड ९० रुपयांना. गुरुवारी बसवली आणि कोड पुसला. मैदानात उजवीकडे दहा फेरे मारले. डावं चाक आतल्या चाकापेक्षा कायम पुढे, एकदाही शून्य नाही. शुक्रवारी घाट चढलो-उतरलो, काल महाबळेश्वरपर्यंत जाऊन आलो. दिवा नाही. चढावर गाडी धरून ठेवणं पुन्हा सुरू झालंय.

ज्या ठिकाणी मॉड्यूल सांगितलं होतं तिथे तुटलेली वायर घेऊन गेलो होतो. तिथल्या एका तरुण मेकॅनिकने ती हातात घेऊन बराच वेळ वाकवून बघितली आणि बल्बची पद्धत दोनदा विचारली. मी त्याला या धाग्याचा दुवा दिला.

किलोओहम काका, कोल्हापूरला आलो की तुम्हाला भेटायला येणार.

वाशिष्ठीकाठ | पुढचा मंगळवार, सायंकाळी ७:०५

उशिरा कळवतोय. मीटर न लावता एअरबॅगचं काम जाणणाऱ्या माणसाकडे गेलो. त्याने बॅटरी काढली, थांबला, मग सीट उचलली. पिवळ्या कपलरच्या चारपैकी दोन पिना हिरव्या. तो तुकडा कंपनीचा नवा टाकला, दिवा गेला.

मग त्याने कार्पेट उचलून अस्तर दाबलं, तर बोटांना अजून ओल लागली. आता पुढच्या दोन्ही सीट बाहेर आहेत, कार्पेट गच्चीवर वाळतंय, आणि खालून जाणाऱ्या हार्नेसचे सगळे कपलर तो एकेक करून उघडतोय. आतापर्यंत सात झाले, त्यातले दोन हिरवे निघाले.